सुइणींची घरं

गेल्या डिसेंबरात एका मैत्रिणीच्या भावाच्या साखरपुड्यासाठी जळगावला गेले होते. मैत्रीण नवापूरकडची, ख्रिस्ती. पुण्यात चार वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. तिच्या उशाशी असायचं ते ‘पवित्र शास्त्र’ तिच्यापेक्षा मीच जास्त वाचलं, असं ती अजून चिडवते. खरं आहे ते. रात्री उशिरा ऑफिसातून आल्यावर झोप यायची नाही, आणि त्या खोलीत दुसरं पुस्तक म्हणजे माझं जावाचं.

साखरपुड्याआधी पाळकसाहेबांनी छोटा संदेश दिला. विषय आज्ञापालन. नोहाने आभाळ कोरडं असताना तारू बांधलं, अब्राहामाने पुढचा पत्ता न विचारता घर सोडलं, दानीएलाने सिंहांच्या गुहेत जाणं पत्करलं पण प्रार्थना सोडली नाही. मग तिघांना काय मिळालं? एकाचं कुटुंब वाचलं, एकाला देशाचं वचन, एकाला दरबारात मान. पाळकसाहेब गोड बोलणारे होते. म्हणाले, आज्ञा पाळायला हिंमत लागते आणि हिंमत करणाऱ्याचं देव कधी उधार ठेवत नाही. त्यावर एका काकांनी साक्ष दिली: रविवारी कामावर बोलावणारी नोकरी सोडली, तीन महिन्यांत दीडपट पगाराची मिळाली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. जेवणात वांग्याचं भरीत होतं, त्यामुळे वाद घालायची इच्छा नव्हती.

पण परतीच्या गाडीत ते डोक्यातून जाईना. मी टेस्टिंगमध्ये काम करते. ‘हे दिलं की ते मिळतं’ असं कुणी छातीठोक सांगितलं, की कुठल्या वेळी ते मिळत नाही हे शोधायचे मला पैसे मिळतात. आणि त्या पुस्तकात ते न मिळण्याची उदाहरणं इतकी आहेत, की पाळकसाहेबांनी ती कशी ओलांडली याचंच नवल वाटलं.

हा लेख ख्रिस्ती लोकांवर नाही, हे आधीच सांगते. आमच्या गल्लीत वैभवलक्ष्मीचे शुक्रवार चालतात त्यांचा हिशेबही हाच: इतके शुक्रवार, इतक्या सवाष्णी, अमुक फळ. व्रताच्या कहाण्यांमध्ये वसा घेतला की राज्य येतं, टाकला की जातं. आणि आमच्या कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात जे ‘लीडरशिप’वर बोलायला येतात, त्यांची फी सोडली तर त्यांच्यात आणि पोथीत मला फरक दिसत नाही. धाडस करा, वरच्याचं ऐका, बक्षीस ठरलेलं आहे. देवावर माझा विश्वास आहे का, याचं उत्तर मी वारानुसार बदलते. पण वाचक म्हणून माझं भांडण आहे. जुन्या करारात, म्हणजे ज्यूंच्या मूळ हिब्रू ग्रंथांत, हा हिशेब असा लागत नाही. तो लागतो असं सांगणं हा त्या ग्रंथांवर अन्याय आहे आणि माणसांवर त्याहून मोठा.

सगळ्यात छोटी गोष्ट घेते. निर्गम या पुस्तकाचा पहिलाच अध्याय, जेमतेम सात ओव्या. मिसरच्या राजाला इब्री लोकांची संख्या वाढल्याची भीती वाटते. तो दोन सुइणींना बोलावतो, शिफ्रा आणि पुवा, आणि सांगतो की बाळंतपण करताना मुलगा झाला तर मारा, मुलगी झाली तर जगू द्या. त्या तसं करत नाहीत. राजा जाब विचारतो तेव्हा त्या सरळ थाप मारतात: इब्री बाया तुमच्या बायांसारख्या नाहीत, फार दणकट, आम्ही पोहोचेपर्यंत मोकळ्या झालेल्या असतात. राजाला हे पटतं. पुढे ग्रंथ सांगतो की देवाने सुइणींचं भलं केलं आणि त्यांची घरं वसवली.

इथे पाळकसाहेबांचा हिशेब बरोबर आला असं वाटेल. हिंमत, मग घर. पण जरा थांबून बघा. या सुइणींना देवाने कसलीही आज्ञा दिलेली नाही. जळतं झुडूप नाही, आकाशवाणी नाही, स्वप्न नाही. आज्ञा एकच आहे आणि ती राजाची आहे. ती त्या मोडतात. म्हणजे ज्याला आपण धाडसी आज्ञापालन म्हणतो, ते इथे वरून बघितलं तर निव्वळ अवज्ञा आहे, शिवाय खोटं बोलून केलेली. त्यांना देवाचं भय होतं एवढंच ग्रंथ म्हणतो. त्या स्वतः इब्री होत्या की इब्री बायांची बाळंतपणं करणाऱ्या मिसरी होत्या, हेही मूळ शब्दांतून नक्की होत नाही. दुसरं, घर मिळणार हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घरं वसली त्याच्या लगेच पुढच्या ओवीत राजा नवा हुकूम काढतो, या वेळी सगळ्या प्रजेला: मुलगे नदीत टाका. सुइणींना बक्षीस मिळालं, पण त्यांनी जे थांबवायचा प्रयत्न केला ते थांबलं नाही. उलट पसरलं.

ही गोष्ट मी माझ्या आजीला वाचून दाखवली होती. आईची आई. ती धुळे जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्सबाई होती, सरकारी भाषेत एएनएम. तिने किती बाळंतपणं केली ते तिलाही माहीत नाही. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचं मशीन आलं आणि त्याच्या मागोमाग एक माणूस तिच्याकडे आला. बाया पाठवा, प्रत्येक बाईमागे इतके. गर्भलिंग तपासण्यावर महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला होता, देशात असा पहिला. देशभराचा कायदा १९९४ चा. आजीला कलमं ठाऊक नव्हती. तिने त्या माणसाला चहा पाजला आणि नाही म्हणाली. पुढे तिने वरिष्ठांना एक कागदही लिहिला. त्या कागदाचं काय झालं ते कळलं नाही; तिचं झालं ते असं की वर्षभरात तिची बदली दिवसातून एकदा एसटी येणाऱ्या उपकेंद्रावर झाली. दोन गोष्टींचा संबंध होता असं ती म्हणते. नव्हता असं माझे आजोबा म्हणायचे.

शिफ्रा-पुवाच्या थापेवर ती मोठ्याने हसली. साहेबाला असंच सांगावं लागतं, म्हणाली. आणि मग घरांचं ऐकून तिने विचारलं, “घर पक्कं व्हतं का?”

आजीची ही चौकशी गंभीर होती. निवृत्त होईपर्यंत ती भाड्याच्या खोल्यांत राहिली. आदर्श परिचारिकेच्या पुरस्कारासाठी तिने दोनदा अर्ज केला होता, दोन्ही वेळा तो दुसऱ्या कुणाला मिळाला, आणि ते ती अजून विसरलेली नाही. तिला बक्षीस हवं होतं. मला वाटतं तिचा हक्क होता.

आता आकडे. २००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. मी त्या गटातली, १९९७ चा जन्म. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, तो आकडा ८४२ झाला. निसर्गाने सोडलं तर साडेनऊशेच्या आसपास असायला हवा. मिसरच्या राजाने मुलींना जगू द्या म्हटलं होतं. आम्ही खानदेशात त्याचं वाक्य उलटं केलं आणि त्यासाठी राजाचीही गरज लागली नाही. सासू, नवरा, केळीच्या बागा, वाटणीला येणारी जमीन, सगळे मिळून तो हुकूम काढत होते. आजीने तिच्या उपकेंद्रापुरतं नाही म्हटलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मशीनं वाढत गेली. निर्गमाच्या पहिल्या अध्यायाने याची कल्पना हजारो वर्षांआधी दिलेली आहे. म्हणून तो मला खरा वाटतो. घराच्या ओवीवर संदेश संपवणाऱ्यांनी निदान पुढची ओवी वाचावी.

विरोधी बाजूही मांडते, नाहीतर ही लबाडी होईल. त्या ग्रंथांत हिशेब मांडलेला आहेच. अनुवाद या पुस्तकाचा २८ वा अध्याय म्हणजे सरळ करारपत्र: आज्ञा पाळाल तर पाऊस, पीक, लेकरं, शत्रूवर जय, मोडाल तर दुष्काळ, रोग, परागंदा होणं. शापांची यादी आशीर्वादांपेक्षा कितीतरी लांब आहे, आमच्या कंपनीच्या करारासारखीच. पाळकसाहेबांनी हा अध्याय पुढे केला असता तर मला गप्प बसावं लागलं असतं. पण थोडाच वेळ. कारण त्याच ग्रंथांच्या गठ्ठ्यात इयोब बसलेला आहे. इयोबाने सगळं पाळलं आणि सगळं गेलं. त्याचे मित्र येतात आणि ४२ अध्यायांच्या पुस्तकात बराच वेळ त्याला हेच करारपत्र वाचून दाखवतात: तुला शिक्षा झाली म्हणजे तू काहीतरी केलं असणार. या हिशेबाचं विष इथे आहे. सुलट वाचला तर तो प्रोत्साहन वाटतो. पण तो कायम उलटा वाचला जातो. ज्याला मिळालं नाही, त्याने पाळलं नसणार. नोकरी न मिळालेल्याची प्रार्थना कमी पडली, मूल न झालेल्या बाईचं व्रत मोडलं. पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो आणि सांगतो की माझ्याबद्दल नीट बोलला तो इयोब. म्हणजे जो ओरडत होता तो.

होय, शेवटी इयोबाला दुप्पट मिळतं, हे मला माहीत आहे, साक्ष देणारे काका तेच सांगतील. मेंढ्या दुप्पट, उंट दुप्पट. लेकरं मात्र पहिल्याइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. पहिली दहा मेली ती मेलीच. त्यांच्या जागी नवी आली म्हणून हिशेब जुळला, असं कुठल्याही आईला सांगून बघा. एक गोष्ट मात्र मला त्या शेवटात आवडते. नव्या सात मुलग्यांची नावं ग्रंथ देत नाही, तीन मुलींची देतो, आणि बापाने त्यांना भावांबरोबर वाटा दिला असं आवर्जून नोंदवतो. आपल्याकडे मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क द्यायला २००५ ची दुरुस्ती लागली, आणि हक्कसोडपत्रावर सही करून घ्यायला आमच्याकडे अजून राखी पौर्णिमेचा मुहूर्त चालतो.

अब्राहामाचं तर पाळकसाहेबांनी अर्धंच सांगितलं. देव त्याला म्हणतो, तुझं प्रतिफळ मोठं आहे. तिथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे तो साधा मजुरीचा, ‘साखार’. हाच शब्द पुढे त्याचा नातू याकोब सासऱ्याकडे राबतो तेव्हा पगारासाठी येतो, आणि सासऱ्याने आपला पगार दहा वेळा बदलला अशी याकोबाची तक्रार आहे. आयटीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. देवाकडून मोठी मजुरी ऐकल्यावर अब्राहाम काय करतो? धन्यवाद म्हणत नाही. तो म्हणतो, काय देणार तू मला, मी तर निपुत्रिक आहे. पुढे मूल होतं, आणि तेच मूल मोरियाच्या डोंगरावर नेऊन अर्पण कर अशी आज्ञा येते. तो निघतो. शेवटच्या क्षणी हात थांबवला जातो आणि वचनांचा वर्षाव होतो: आकाशातल्या ताऱ्यांइतकी संतती, वगैरे. संदेश इथे संपतात. पण उतरताना बाप-लेक बोलतात असं कुठे लिहिलेलं नाही, आणि त्यानंतर संपूर्ण ग्रंथात त्या दोघांमध्ये एकही संवाद नाही. लगेचच्या अध्यायात सारा मरते. ज्याला सगळ्या देशाचं वचन आहे त्या म्हाताऱ्याकडे बायकोला पुरायला हातभर जमीन नसते. तो परक्या लोकांपुढे वाकतो आणि चारशे शेकेल चांदी मोजून एक गुहा आणि शेत विकत घेतो. ज्याने हे दोन अध्याय एकापाठोपाठ ठेवले, त्या संपादकाला बक्षिसाच्या हिशेबाबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

आणि यिर्मया. याच एका पुस्तकात तीन माणसं आहेत, आणि मी पाळकसाहेब असते तर दर रविवारी त्यांच्याबद्दलच बोलले असते. पहिला उरीया, शमायाचा मुलगा. तो यिर्मयाने सांगितलं तेच सांगत होता: हे शहर पडणार. राजा यहोयाकीम त्याच्या जिवावर उठला, तो मिसरला पळाला, राजाच्या माणसांनी तिथून धरून आणला, तलवारीने मारला, प्रेत सामान्यांच्या कबरस्तानात फेकलं. तोच संदेश देणारा यिर्मया मात्र वाचला, कारण अहीकाम नावाच्या एका वजनदार माणसाने त्याची बाजू घेतली. उरीयाचं आज्ञापालन कमी पडलं असं ग्रंथ कुठेही सुचवत नाही. त्याला फक्त अहीकाम मिळाला नाही.

दुसरा एबद-मलेख, राजवाड्यातला कूशी सेवक, म्हणजे आफ्रिकेतला, परका. यिर्मयाला चिखलाच्या हौदात मरायला टाकलं तेव्हा हा राजाकडे गेला, माणसं मागून घेतली, आणि दोर सोडताना आधी जुन्या चिंध्या खाली टाकल्या: काखेत धरा, दोर काचायला नको. एवढ्या धामधुमीत त्याला काखेचं सुचलं. त्याला बक्षीस आहे, ग्रंथ तसं स्पष्ट सांगतो. शहर जळेल, पण लुटीतून हाती लागावा तसा तुझा जीव तुला मिळेल. बस. घर नाही, मान नाही, दीडपट पगार नाही. तिसरा बारूख, यिर्मयाचा लेखनिक. तो दमून गेला होता, कुरकुरत होता. त्याला उत्तर येतं की मी उभारलेलंच पाडतोय, त्यात तू स्वतःसाठी मोठं काही मागू नकोस. जीव तेवढा मिळेल. एक मारला गेला, दोघांना नुसता जीव. याला फॉर्म्युला म्हणणार असाल तर मी टेस्टिंग सोडते.

आमच्या कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची आठवण इथे काढायला हवी. पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे हा ग्रंथ नव्हता, तो वाचणारे गुरू नव्हते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आठवड्यातला एक दिवस कमाई नाही, कारण तसं पूर्वजांनी सांगितलंय. त्याबद्दल काय मिळालं? गावाने नाव ठेवलं, शनिवार तेली. रायगडच्या खेड्यांत एवढं आज्ञापालन झालं आणि त्यावर कुणी साक्ष दिली नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, मग आपली गीता बरी, फळाचा विषयच काढू नका. आणि हे म्हणायला धुळ्याइतकी योग्य जागा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अशी विनोबांनी अठरा प्रवचनं दिली आणि अमळनेरच्या शाळेत मास्तर राहिलेल्या सानेगुरुजींनी ती लिहून घेतली. फळाचा त्याग हा त्यांचा कणा. मी ते पुस्तक मानते. पण ते कुणी कुणाला सांगितलं ते बघा. कैद्याने कैद्यांना. बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने, दोघांनीही किंमत आधीच मोजलेली होती. तिथे ‘फळ सोडा’ याचा अर्थ, आपण आत आलो त्याचा सौदा करू नका, असा होतो. तेच वाक्य वातानुकूलित खोलीतून उपकेंद्रावरच्या बाईला सांगितलं की त्याचा अर्थ, पगार मागू नका. आशाताईंना सरकार आजही कागदोपत्री स्वयंसेविका म्हणतं, कामगार म्हणत नाही. त्यांना वेतन नसतं, मोबदला असतो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, सगळ्यांनी अभिनंदनाची ट्विटं केली, आणि मोबदल्यासाठी त्या पुन्हा रस्त्यावर बसल्या. निष्काम व्हायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. दुसऱ्याला निष्काम करणं म्हणजे त्याची मजुरी बुडवणं.

म्हणून मला ते हिब्रू ग्रंथ अधिक प्रामाणिक वाटतात. ते फळाची इच्छा पाप मानत नाहीत. अब्राहाम मागतो, हन्ना मूल मागते, इयोब तर खटलाच मागतो. आणि ते फळाची हमीही देत नाहीत. दानीएलाच्या पुस्तकातले ते तीन तरुण, शद्रख, मेशख, अबेद्नगो, भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला वाचवू शकतो. आणि नाही वाचवलं, तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते वाचले हे नंतरचं. बोलताना त्यांना ते माहीत नव्हतं. या ‘तरी’शिवाय धाडसाला अर्थच राहत नाही. भट्टीत विमा उतरवून उडी मारणाऱ्याला आपण धाडसी म्हणत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. बक्षीस देवाच्या नावावर टाकण्यात कुणाची सोय आहे?

जळगावचं घरकुल प्रकरण खानदेशात सगळ्यांना पाठ आहे. गरिबांसाठी हजारो घरं बांधायची योजना, त्यातली बरीच कधी उभी राहिलीच नाहीत, २९ कोटींचा घोटाळा. २००६ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. शहरात ज्यांचा शब्द चालतो त्यांच्याविरुद्ध. मोठी अटक व्हायला २०१२ उजाडलं. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना दोषी ठरवलं, त्यात माजी मंत्रीही होते. पुढे अपिलं झाली. फिर्याद ते निकाल, तेरा वर्षं. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर सगळे लिहीत होते, देव आहे. असेल. पण मधली तेरा वर्षं फिर्यादीच्या मागे कोण उभं होतं, तपास कुणी पुढे नेला, साक्षीदार कसे टिकले, हे माणसांचं काम होतं, अहीकामांचं. आणि अहीकाम नसला की काय होतं तेही आपण जवळच पाहिलंय. धुळ्याहून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ ला, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनातली भेसळ पकडताना भर दुपारी जाळून मारलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता.

भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. तो अमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. कायदा आहे, राष्ट्रपतींची सही आहे, आणि तो लागू नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड लिहून तयार, रिलीजच केला नाही. ‘देव उधार ठेवत नाही’ हे आपलं सरकारी धोरण आहे. उधारी देवाकडे वर्ग केली की इथल्या कुणाला फेडावी लागत नाही. सुइणींना देवाने घरं दिली असं ग्रंथ म्हणतो, पण आजीला घर द्यायला आकाशातून कुणी यायची गरज नव्हती. एक अर्ज पुढे सरकवायचा होता.

हे सगळं मी लिहितेय, तर माझं स्वतःचंही लिहायला हवं.

तीन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे आम्ही आरोग्य विम्याच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर तपासत होतो. एका प्रकारच्या कागदपत्रांवर काही दावे चुकून नाकारले जात होते. फार नाही, पण मागच्या बाजूला प्रत्येक दाव्याचं एक माणूस असतं. रिलीजची तारीख क्लायंटला दिलेली होती. मला आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला सांगितलं गेलं की ती टेस्ट ‘पास’ दाखवा, पुढच्या रिलीजमध्ये बघू. त्याने नकार दिला, लेखी. मी ‘पास’ केली. वरच्याचं ऐकलं, वेळेत ऐकलं, आणि त्या तिमाहीत मला स्पॉट अवॉर्ड मिळालं, पाच हजारांचं व्हाउचर. त्यातून मी आईला प्रेशर कुकर घेतला. तो मुलगा दोन महिने बेंचवर बसला आणि मग निघून गेला. त्याला पुढे दीडपट पगार मिळाला नाही. मधे आठ महिने काहीच मिळालं नव्हतं, घराचा हप्ता चालू होता. तेव्हा त्याच्या बाजूने मेलमध्ये एक ओळ मी लिहिली असती तर? मी त्याची अहीकाम होऊ शकले असते. त्या खोलीत आणखी कुणी ते होऊ शकलं नसतं, कारण टेस्टचे निकाल दोघांनीच पाहिले होते.

आज्ञापालनाचं बक्षीस म्हणाल तर आमच्या दोघांत ते मलाच मिळालंय. कुकर चांगला आहे, गळत नाही.

निर्गमाचा दुसरा अध्याय मी हल्ली जास्त वाचते. राजाचा हुकूम निघालाय, बाळं नदीत जातायत, आणि नदीवर आंघोळीला आलेली एक बाई लव्हाळ्यातली पेटी उघडते. ही राजाचीच मुलगी. हुकूम तिला माहीत आहे, बाळ कुणाचं हेही ती लगेच ओळखते, आणि तरी उचलते. ते मूल मोशे होतं, ही पुढची गोष्ट. शिफ्रा आणि पुवाची नावं तरी राहिली, घरं तरी मिळाली. राजाच्या मुलीला निर्गमात बक्षीस नाही आणि नावही नाही. तिचं पुढे काय झालं, बापाला कळलं तेव्हा काय झालं, एक शब्द नाही.

जळगावहून परत आल्यावर जानेवारीत मी त्या जुन्या मुलाला फोन केला. त्याने उचलला, हेच खूप. त्याला एका नोकरीसाठी जुन्या सहकाऱ्याचं पत्र हवं होतं. मी लिहून दिलं, आणि त्यात ती टेस्ट, त्याचा नकार आणि माझं ‘पास’, तिन्ही लिहिलं. त्याच आठवड्यात तेच सगळं त्या कंपनीच्या तक्रार विभागालाही पाठवलं, तारखांसकट. पोचपावतीचा आपोआप येणारा मेल आला, पुढे काही नाही. मी आता जिथे काम करते तिथला क्लायंट तोच आहे, त्यामुळे हे फिरून माझ्या मॅनेजरपर्यंत येणार हे गृहीत धरलंय. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, देव देखस. मग थोड्या वेळाने म्हणाली, कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेव. तिने तेव्हा ठेवली नव्हती.

ठेवली आहे. अप्रेझल एप्रिलमध्ये आहे.